त्या सकाळी पडवी रिकामी होती

१

"तुकडा आधी हातात घ्यायचा, मथुरा. माणसाचं नाव नंतर."

प्रेमराज सरांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी त्यांचा आवाज मथुराअक्कांच्या कानात तसाच होता. जरा घोगरा, सिमेंटच्या धुळीनं भरलेला. धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात सिमेंट-काँक्रीट तपासायच्या प्रयोगशाळेत अक्कांनी सरांच्या हाताखाली उमेदीची वर्षं काढली. कुठे मोरी खचली, कुठे टाकी गळली की तिथले तुकडे प्रयोगशाळेत यायचे आणि तुकड्यांच्या आधी नावं यायची. यानं सिमेंट खाल्लं, त्यानं सळई पळवली. सर नावं ऐकूनच घ्यायचे नाहीत.

आणि आज निवृत्त अक्का शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, 'पाखर बालसदना'च्या अंगणात उभ्या होत्या. समोर नव्या इमारतीची पडवी जमिनीवर पालथी पडली होती.

सदन होतं मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्या पाड्यांवरच्या आईबापांच्या मुलांचं. जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलं उन्हाळाभर भाजून निघायची, म्हणून देणगीदारांनी तीन खोल्या आणि पुढे लांब पडवी बांधून द्यायचं ठरवलं. खोल्या चांगल्या उभ्या होत्या. पडवीचा स्लॅब मात्र मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी सात वाजता, वरच्या पाण्याच्या टाकीसकट, खाली आला होता.

"सात वाजता?" अक्कांनी विचारलं.

"ठोक्याला सात." हितेंद्र म्हणाला. नरडाण्याला त्याचा छोटासा कारखाना होता, संस्थेचा तो विश्वस्त होता आणि बांधकामावर देखरेखही त्याचीच. आठ दिवसांत त्याचे डोळे खोल गेले होते. "अक्का, सुट्टीतसुद्धा चौदा पोरं इथंच आहेत. रोज सात वाजता ती चौदाच्या चौदा या पडवीत नाश्त्याला बसतात. रोज! आणि त्या दिवशी एक पोर नव्हतं. एक सुद्धा."

अक्कांनी नकळत हात जोडले. "देवाची कृपा."

"कृपा आहेच. पण पोरं गेली कुठं होती? हाऊच ते सवाल शे." हितेंद्र चिडला की त्याच्या तोंडात घरची बोली यायची. "पोरं म्हणतात, नाल्यावर आंघोळीला गेलो होतो. आणि आदल्या संध्याकाळी जब्बार मिस्त्री ललिताताईंना काय म्हणाला माहीत आहे? 'उद्या पोरांना पडवीत बसवू नका.' ऐकलंत? त्याला ठाऊक होतं, अक्का! त्यानं माल कच्चा टाकला आणि शेवटी मन खाल्लं म्हणून पोरांना हलवलं. त्याची अवजारं मी ठेवून घेतलीत. उद्या रविवार. परवा, सोमवारी पोलिसांत तक्रार."

भिंतीला टेकवून एक कळकट पिशवी ठेवली होती. तिच्यातून थापीची झिजलेली मूठ डोकावत होती.

अक्कांची नजर त्या मुठीवर थांबली. सकाळी धुळ्याहून निघताना भडगावहून फोन आला होता, जब्बारच्या बायकोचा, रईसाचा. आठ दिवस माणूस घरात बसलाय, जेवत नाही, हातातली दोन कामं लोकांनी काढून घेतली. "अक्का, तुम्ही जे काढाल ते काढा. पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको," रईसा म्हणाली होती. आणि अक्कांनी तिला शब्द दिला होता: "चांगलं निघो की वाईट, मी स्वतः तुमच्या दारात येऊन सांगेन. फोनवर नाही."

शब्द देताना जीभ सहज वळली होती. आता समोरचा ढिगारा बघून तीच जीभ कोरडी पडली.

२

पदर खोचून अक्का ढिगाऱ्यापाशी बसल्या. हितेंद्रनं खुर्ची आणली, ती त्यांनी हातानंच बाजूला सारली.

पहिला तुकडा त्यांनी खोलीच्या स्लॅबच्या तुटलेल्या कडेवरून घेतला. आत काळी, टोकदार, मशीनवर फोडलेली खडी. तुकडा फुटताना काही खडे मधून फुटले होते, पण सिमेंटनं त्यांना सोडलं नव्हतं. असंच असावं लागतं.

दुसरा तुकडा पडवीचा. तो त्यांनी उन्हात धरला आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. तुकड्यात खळगेच खळगे होते. गोल, गुळगुळीत, आप्पेपात्रासारखे. त्यांनी डोक्यातली पिन काढून एका दगडाला हलकेच टोचलं. दगड टुणकन निघून तळहातावर आला, बोरासारखा वाटोळा. त्याच्या अंगावर वाळलेल्या पिवळट मातीची साय होती.

"हा तर नदीनाल्यातला गोटा आहे," त्या म्हणाल्या. "तोही न धुतलेला. दगडाच्या अंगावर माती असली की सिमेंट मातीला चिकटतं, दगडाला नाही."

"नाल्यातला? शक्य नाही!" हितेंद्र उसळला. "खडी खदानीतूनच आली. दोन ढीग टाकले होते. आणि अक्का, कमी पडायचा प्रश्नच नाही, उलट उरली. चला, दाखवतो."

इमारतीच्या मागं, कुंपणाच्या कोपऱ्यात, काळ्या खडीचा पुरुषभर उंच ढीग उभा होता. चांगली दोन ट्रॅक्टर खडी असेल. भोवती बाभळीच्या काट्यांचं कडं घातलेलं. शेजारी बाज टाकून सदनाचा म्हातारा राखणदार खाज्या बसला होता. अक्कांना बघून तो लगबगीनं उठला.

"राम राम, आबा. काटे कशाला घातलेत?"

"ढोरं चढतस ना, म्हनीसन काटा टाकात." खाज्या म्हणाला, आणि नजर डोंगराकडे लावून बसला.

खडीच्या ढिगावर गुरं कशाला चढतील? तिथं ना गवत, ना सावली. पण अक्कांनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांच्या मनात दुसराच काटा रुतला होता.

घरात अशी खडी पडून असताना पडवीत न धुतलेले गोटे टाकले कोणी? आणि कशासाठी? चोर चांगला माल उचलून नेतो आणि वाईट ठेवतो. इथं तर चांगला माल जागच्या जागी होता, त्याला कोणी हात लावला नव्हता, आणि वर त्याची राखण चालली होती.

३

ललिता त्याच पाड्यांवरची मुलगी. याच सदनात शिकली आणि आता इथलीच ताई झाली होती. स्वयंपाकघरात ती मठ निवडत होती.

"मी पोह्यांना फोडणी दिली, सात वाजता थाळी वाजवली. रोज थाळी वाजली की मेंढरांसारखी धावत येतात. त्या दिवशी कोणी नाही. पुन्हा वाजवली. आणि मग तो आवाज झाला, अक्का... मला वाटलं, संपलं सगळं. मी दगड उपसायला लागले. नखं निघाली माझी. आणि मागून सुरकी विचारते, 'ताई, काय शोधतेस?' वळून बघते तर चौदा जणं उभी!" ललितानं डोळे पुसले. "मोजली. दोनदा मोजली."

"कुठून आली?"

"मागून. नाल्यावर गेलो होतो म्हणाली."

"वैशाखात तुमच्या नाल्याला पाणी असतं?"

ललिताचे हात थांबले. "नाही. होळीलाच आटतो."

"बरं. आणि जब्बारभाऊ आदल्या संध्याकाळी काय म्हणाले होते? शब्दन् शब्द सांग."

"म्हणाले, उद्या फरशी बसवायला काढतो, पोरांना पडवीत बसवू नका, पायानं आखलेल्या रेषांचा खडू पुसतात." ललितानं मान खाली घातली. "पण अक्का, मी ते मुलांना सांगितलंच नाही. विसरले. हितेंद्रभाऊ इतके रागात होते की बोलायची हिंमत झाली नाही."

म्हणजे जब्बारच्या सांगण्यानं मुलं हललीच नव्हती. अक्कांना क्षणभर हलकं वाटलं. पण क्षणभरच. मुलांना हलवणारं दुसरंच कोणी होतं, आणि मुलं त्यासाठी खोटं बोलत होती.

जेवणं झाल्यावर अक्कांनी भडगावला फोन लावला. रईसानं तो नवऱ्याच्या हातात दिला. मग जब्बारचा खोल गेलेला आवाज आला.

"बोला, अक्का. तुम्ही पण विचारा. बठ्ठे विचारून राहिले."

"जब्बारभाऊ, स्लॅब टाकला त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

"वरच. सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत. खालून पाट्या येत होत्या, मी पसरत होतो. पाणी प्यायला पण उतरलो नाही. कडेला बसून प्यालो."

"शेवटी शेवटी, पडवीचा माल येताना, काही वेगळं वाटलं?"

मग तो हळू बोलला, जणू स्वतःशीच. "थापीखाली करकर होते ना, खडी दाबताना? ती येत नव्हती. थापी सरकत होती, नुसती सरकत होती. वाटलं, दिवसभराचा हात आहे, थकला. ऊन पण बेचाळीस-त्रेचाळीसचं. अक्का, वरती सगळा माल सारखाच दिसतो. सिमेंटनं माखला की सोनं काय नि माती काय."

"खाली कोण होतं?"

"कोण असणार? आखाजी होती, तुमची अक्षय्य तृतीया. अर्धे मजूर सणाला घरी. हितेंद्रभाऊ पण दुपारी गेले, बहीण माहेरी आली होती. मिक्सरवाला भाड्याचा, जे टाकाल ते फिरवणार. माझ्या घरी काही सण नव्हता, म्हणून मी थांबलो." तो कडवट हसला. "मी तर आधीच म्हणालो होतो, आखाजीला नको, खदान बंद असते, काही कमी पडलं तर आणायचं कुठून? पण दिवस ठरला म्हणे."

"कोणी ठरवला?"

जब्बारनं नुसतं खाकरून घेतलं.

"सांगा ना, भाऊ. कोणी ठरवला होता आखाजीचा दिवस?"

"तुम्हीच की, अक्का."

४

त्या संध्याकाळी अक्कांनी सदनाच्या देव्हाऱ्यात दिवा लावला आणि समोर बसल्या.

त्यांची दोन व्रतं होती. सकाळी उठल्यापासून आठ वाजेपर्यंत मौन. आणि संध्याकाळी दिव्यापाशी रोज एका माणसाचं नाव घेऊन मनापासून त्याचे आभार. मग तो दूधवाला असो, एसटीत जागा देणारी मुलगी असो. नाव सापडल्याशिवाय जेवायचं नाही. वीस वर्षांत असा दिवस गेला नव्हता की नाव सापडलं नाही.

आज ओठांवर नाव येईना. पुन्हा पुन्हा आखाजीचा दिवसच डोळ्यांपुढे येत होता. "अक्का, स्लॅबचा दिवस सांगा, तुम्हाला प्रयोगशाळाही कळते नि पंचांगही," असं हितेंद्रनं विचारलं होतं. आणि त्यांनी विचारही न करता सांगितलं होतं, साडेतीन मुहूर्तांतला दिवस सोडून दुसरा कशाला शोधायचा? त्या स्वतः येऊन नारळ फोडून गेल्या होत्या. पहिल्या मालाचे तपासणीचे तीन ठोकळे स्वतःच्या हातानं भरून गेल्या होत्या. ते ठोकळे पुढे उत्तम निघाले. पण बाराच्या गाडीनं त्या धुळ्याला परतल्या, कारण घरी पितरांची घागर भरायची होती. शेवटच्या मालाचे ठोकळे भरायला खाली कोणी नव्हतंच.

मुहूर्त चुकीचा नव्हता. त्या मुहूर्तावर बाकी काय काय बंद असतं, ते बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

शेवटी त्यांच्या तोंडून नाव आलं, जब्बार. "ज्या माणसानं माझी चूक मला तोंडावर सांगितली, त्याचे आभार." दिव्याची वात सारखी करून त्या जेवायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, उजाडताच त्या मागच्या कुंपणापाशी गेल्या आणि खडीच्या ढिगाजवळ एका दगडावर जपमाळ घेऊन बसल्या. थोड्या वेळानं शेडच्या कोपऱ्यातून एक डोकं डोकावलं. मग दुसरं. आठ-नऊ वर्षांची सुरकी सगळ्यांच्या पुढे होती.

"अक्का, तू इथं का बसलीस?"

अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हसल्या.

"तिचं मौन असतं ग," मागून कोणीतरी कुजबुजलं. "आठपर्यंत बोलतच नाही ती. काटा रुतला तरी."

"खरंच? ओरडत पण नाही?"

"बघ पाहिजे तर टोचून."

"तूच टोच."

मुलं एकमेकांना ढकलत जवळ आली. न बोलणारं माणूस त्यांना नवं होतं. गेले आठ दिवस जो तो येऊन त्यांना विचारत होता, कुठं गेला होतात, खरं सांगा, कोणी सांगितलं होतं जायला. ही बाई काहीच विचारत नव्हती. नुसती त्यांच्या बरोबरीनं ढिगाकडे बघत होती.

मुलांची आपसात खुसपुस झाली.

"सांगायचं नाही अशी धरतीमायची आण घेतलीय आपण."

"मग सांगतंय कोण? दाखवायचं नाही, असं थोडंच म्हटलं होतं?"

सुरकीनं फ्रॉकच्या खिशातून एक काडेपेटी काढली आणि अक्कांच्या पुढ्यात बसून हळूच उघडली. आत टरफलांचे चिमुकले तुकडे होते. मातकट रंगाचे, वर काळे ठिपके.

आणि त्याच वेळी डोक्यावरून कर्कश आवाज करत एक पक्षी झेपावला. पिवळे लांब पाय, काळा गळा. टिटवी! ती काट्यांच्या कड्यापाशी उतरली, एक पंख मोडल्यासारखा फरफटत दूर पळाली, पुन्हा ओरडली. अक्कांना हा कावा ठाऊक होता. शत्रूला पिल्लांपासून लांब न्यायचं असलं की टिटवी अशी लंगडते.

सुरकीनं अक्कांचं बोट धरून दुसऱ्या हातानं दाखवलं. ढिगाच्या सावलीत, खडीच्याच रंगाचे कापसाचे चार बोळे लांब लांब पायांवर उभे होते. आईची हाक आली तसे ते जागीच दबले आणि खडे होऊन गेले.

अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ वाजायला अजून अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात त्यांनी मनातल्या मनात एकेक कडी दुसरीत अडकवली, आणि साखळी पुरी झाली.

५

दहा वाजता हितेंद्र तक्रारीचा कागद घेऊनच आला. अक्कांनी त्याला, ललिताला आणि खाज्याला मुलांसकट ढिगापाशीच बोलावलं.

"हितेंद्र, तुझे सवाल दोन. पडवीत गोटे कोणी टाकले, आणि त्या सकाळी पडवी रिकामी का होती. तुला वाटलं दोन्हींचं उत्तर एकच माणूस आहे. उत्तर एकच आहे, पण माणूस नाही." त्यांनी ढिगाच्या माथ्याकडे बोट केलं. तिथं खडीत वाटीएवढा खोलगट खळगा दिसत होता. "आखाजीच्या तीन-चार दिवस आधी टिटवीनं इथं अंडी घातली. टिटवी घरटं बांधत नाही, खड्यांतच अंडी ठेवते. तिची अंडी उबायला चार आठवडे लागतात. बरोबर ना, आबा?"

खाज्यानं मान हलवली. तो घाबरलेला नव्हता. मुलांकडे बघत होता फक्त. सुरकी म्हणाली, "आम्ही नाही सांगितलं, आबा. आणशपथ! दाखवलं."

"आखाजीला दुपारनंतर पहिला ढीग संपला," अक्का पुढे म्हणाल्या. "खोल्या झाल्या होत्या, पडवी बाकी. स्लॅब मधेच थांबवता येत नाही. खदान बंद. उरला हा ढीग, आणि त्यावर टिटवी बसलेली."

"पण खालून काढायची ना खडी!" हितेंद्र म्हणाला.

"खालतून काढी ते वरतून ढासळस," खाज्या पहिल्यांदाच बोलला. "अंडा फुटी जातात ना. पोरं रडी राहिंतात. आनि टिटवीनी इतली उंच अंडा घालात, पाऊसपानी चांगला येवाना व्हता. ती अंडा कसा मोडवू मी?"

"म्हणून तुम्ही गाडी जुंपली."

"तीन खेपा करात. नालामा इतला गोटा पडेल शेतस. लई उनू, मिक्सरपान टाकी दिधात." खाज्यानं दोन्ही हात पसरले. "आमनं घर बी त्याच गोटासनं शे, अक्का. बठ्ठा दगडच शेतस ना? मी काय वाईट करं?"

"मग आठ दिवस बोललात का नाही?" हितेंद्रचा आवाज चढला.

"माले कोनी इचारंच नही."

खाज्या ते अगदी साधेपणानं म्हणाला.

"खरं आहे ते," ललिता हळूच म्हणाली. "तुम्ही पोरांना विचारलं, मिस्त्रीला विचारलं, मला विचारलं. आबांना कोणी काही विचारलं नाही. ते रोज इथंच होते."

"आता त्या शुक्रवारची सकाळ," अक्का म्हणाल्या. "आदल्या संध्याकाळी पडवीवर टाकी चढवून भरली. धड स्लॅबनं ती टाकी हसत पेलली असती. पण आतले गोटे मातीनं सुटे झालेले, सिमेंटची पकड कुठंच नाही. रात्रभर तो स्लॅब तग धरून राहिला. आणि सातच्या जरा आधी, जेव्हा चौदा मुलं थाळी वाजायची वाट बघत होती..."

"अंडं टचकलं!" सुरकीला राहवलं नाही. "बादलनं बघितलं आधी. चोच बाहेर आली होती! मग सगळे पळालो. ताईनं थाळी वाजवली, आम्हाला ऐकू आली. पण कसं येणार? दुसरं पण टचकत होतं! आणि सांगितलं असतं, तर तुम्ही ढीगच उचलला असता."

वरती टिटवी एक चक्कर मारून गेली.

हितेंद्र बाजेवर बसला. "म्हणजे टिटवीनंच पाडलं आणि टिटवीनंच वाचवलं."

"टिटवीनं अंडी घातली. बाकी सगळं आपण केलं," अक्का म्हणाल्या. "मुहूर्त मी काढला. जब्बारभाऊंनी खदान बंद असते म्हणून सांगितलं, ते तू ऐकलं नाहीस, आणि मला कळवलंही नाहीस. दुपारी तू घरी गेलास, त्याआधी मी गेले. आबांनी जीव वाचवायला दगड आणले. यात लबाड कोण, ते मला शोधूनही सापडलं नाही. आणि वर उन्हात उभा राहून आपल्या सणासाठी आपलं काम करत होता, तो जब्बार. त्याचीच अवजारं आपण ठेवून घेतली."

"देणगीदारांना काय तोंड दाखवू?" हितेंद्र पुटपुटला. "टिटवीचं लिहू? हसतील. पुन्हा कोणी छदाम देणार नाही."

"हसू देत. जे झालं ते तसंच लिही. आखाजीही लिही, माझं नावही लिही. आणि पुढे लिही की आता इथं दिवस ठरवायच्या आधी मिस्त्रीला विचारू, नाल्याचा दगड का चालत नाही ते आबांना दाखवू, आणि माल कालवतो तिथं शेवटची पाटी वर जाईपर्यंत आपल्यातलं एक माणूस उभं राहील. दुसऱ्या कोणा सदनाची पडवी तरी वाचेल."

हितेंद्रनं हातातला कागद एकदा बघितला. मग त्यानं तो चार घड्या करून खिशात घातला, उठला आणि भिंतीपाशी गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात ती कळकट पिशवी होती.

"मी फोन करतो त्याला," तो म्हणाला. मान वर होत नव्हती. "माफी मागतो."

"तू मागशीलच. पण आज नको, उद्या दुपारनंतर कर." अक्कांनी पिशवी त्याच्या हातातून घेतली. "त्याआधी मी एकीला शब्द दिलाय."

खाज्या पुढे आला. त्यानं नाल्यातला एक वाटोळा गोटा उचलून धोतराच्या सोग्यानं पुसपुसून स्वच्छ केला आणि अक्कांच्या हातावर ठेवला. "जब्बारभाऊले सांगज्यात, गोटा खाज्यानी टाकात. त्यानी नही."

६

त्या संध्याकाळी दिव्यापाशी अक्कांची अडचण उलटी झाली. नाव एकच घ्यायचं, आणि नावं तर रांगेनं उभी राहिली. नखं निघेपर्यंत दगड उपसणारी ललिता. जीव मोडायला हात न धजलेला खाज्या. न सांगता दाखवणारी सुरकी. थाळी ऐकूनही न गेलेली चौदा लेकरं. आणि एक जण असा, की त्याला नावच नव्हतं. पिवळे पाय होते.

"आज सगळ्यांचं एकदम घेते," त्या देवाला म्हणाल्या. "व्रताला थोडी मुरड घातली, तेवढं पदरात घे."

मग जेवून त्यांनी ललिताकडून वहीचा अर्धा कागद मागून घेतला आणि त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'धुळे, एक.' खाली दुसऱ्या ओळीत, 'पुढे भडगाव.' पहाटेची गाडी मौनात धरायची होती, कंडक्टरला सांगणार कसं?

सोमवारी उजाडायच्या आत त्या निघाल्या. पिशवी खांद्याला जड लागत होती. थापी, ओळंबा, रंधा, झिजलेला पत्रा, आणि तळाशी तो गोटा. जाताना त्या मागच्या कुंपणाकडून वळल्या. काट्यांच्या कड्याबाहेर बाज टाकून खाज्या झोपला होता. ढिगाच्या पायथ्याशी टिटवी एका पायावर उभी होती, पंखाखालून आठ काटकुळे पाय बाहेर आले होते.

तिनं अक्कांकडे बघितलं, पण ओरडली नाही.

फाट्यावर गाडीचे दिवे दिसले तेव्हा अक्कांनी हात वर केला. कंडक्टरनं दार उघडलं, "कुठं जायचं, मावशी?" म्हणून विचारलं. अक्कांनी कागद पुढे केला. त्यानं कागद वाचला, बाईंकडे बघितलं, पिशवीतून बाहेर आलेल्या थापीकडे बघितलं.

"मिस्त्रीकाम करता का काय?"

अक्का हसल्या आणि मानेनंच नाही म्हणाल्या. खिडकीपाशी बसून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, थापीची मूठ पदरानं पुसली. भडगावला पोचेपर्यंत आठ केव्हाच वाजून गेलेले असणार होते. बोलायला हरकत नव्हती.

पहिलं वाक्य मात्र त्या आत्तापासूनच जुळवत होत्या.